लांबचा प्रवास, बधिर होणारे हात आणि मोटारसायकलचे हँडल

नागपूरहून पहाटे निघालेला मोटारसायकलस्वार कामठी, मनसर मागे टाकून खवासाजवळ मध्य प्रदेशात प्रवेश करतो. कुरईचा घाट ओलांडून सिवनी गाठेपर्यंत त्याच्या हातांना बारीक मुंग्या येऊ लागलेल्या असतात. लखनादौनला चहासाठी थांबल्यावर तो हात झटकतो, बोटे चोळतो आणि पुन्हा गाडीवर बसतो. बरगी मागे पडून जबलपूर जवळ येते, तोपर्यंत करंगळी आणि अनामिका ही बोटे आपली नाहीतच असे त्याला वाटू लागते. ब्रेकच्या लिव्हरवर बोटे आहेत की नाहीत, याची खात्री खाली पाहून करावी लागते.

सुमारे २७० किलोमीटरचा हा रस्ता विदर्भातील अनेक कुटुंबांच्या परिचयाचा आहे. भेडाघाट आणि कान्हा पाहण्यासाठी, जबलपुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी नातेवाइकांकडे, किंवा ग्वारीघाटावर नर्मदेच्या दर्शनासाठी लोक या मार्गाने जातात. अलीकडे नर्मदेची परिक्रमा दुचाकीवरून करणारेही दिसतात. नर्मदेची लांबी १,३१२ किलोमीटर आहे. दोन्ही काठांचा विचार केला तर हा प्रवास २,६०० किलोमीटरहून अधिक होतो. इतके दिवस सतत हँडल धरून बसणाऱ्याला हातांची तक्रार टाळता येत नाही.

हा त्रास सर्वांनाच होतो, म्हणून तो किरकोळ समजला जातो. प्रत्यक्षात तो तसा नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी दर सेकंदाला सुमारे २२ मीटर अंतर कापते. बधिर बोटांनी ब्रेक शोधण्यात अर्धा सेकंद गेला, तर गाडी ११ मीटर पुढे गेलेली असते. अचानक रस्त्यात आलेल्या जनावरासमोर ही ११ मीटर फार मोठी ठरतात.

यावर उपाय म्हणून बहुतेक वेळा हँडल बदलण्याचा सल्ला दिला जातो. योग्य हँडलने मोठा फरक पडतो, हे खरे आहे. मात्र हात कशामुळे बधिर होतात हे न पाहता बदललेले हँडल कधी कधी त्रासात भरच घालते. म्हणून खरेदीपूर्वी कारण समजून घेणे आवश्यक आहे.

जबलपूर आणि मोटारसायकल

मोटारसायकलवरील हातांचे महत्त्व जबलपूरला वेगळे सांगावे लागत नाही. भारतीय लष्कराच्या सिग्नल कोअरचे प्रशिक्षण केंद्र या शहरात आहे. या कोअरची स्थापना १९११ साली झाली. बिनतारी यंत्रणा सर्वत्र पोहोचण्यापूर्वी लेखी आदेश आणि नकाशे एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर नेण्याचे काम मोटारसायकलवरील संदेशवाहक करीत असत. लष्करात त्यांना डिस्पॅच रायडर म्हणतात. त्यांच्यातूनच १९३५ साली ‘डेअर डेव्हिल्स’ हे कसरतीचे पथक उभे राहिले.

५ जुलै २००१ रोजी या पथकाने जबलपूरच्या गौरीशंकर परेड मैदानावर १० मोटारसायकलींवर २०१ जवानांचा मनोरा रचला आणि तो १२९ मीटर अंतर चालवून जागतिक विक्रम केला. म्हणजे प्रत्येक गाडीच्या वाट्याला सरासरी वीस जवान आले. अशा वेळी क्लच आणि ॲक्सिलरेटरवरील बोटांची किंचित चूकही सर्वांना भोवू शकते. स्वाराची बोटे जाणती असणे म्हणजे काय, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण आहे.

सामान्य स्वाराला मनोरा तोलायचा नसतो. परंतु गर्दीत क्लच अर्धवट सोडणे, ओल्या रस्त्यावर पुढचा ब्रेक हळुवार दाबणे ही कामे त्यालाही बोटांच्या जाणिवेवरच करावी लागतात. ती जाणीव गेली की गाडीवरचा ताबाही कमी होतो.

कारणे दोन, उपायही दोन

हात बधिर होण्याची मुख्य कारणे दोन आहेत. पहिले कारण दाब आणि मनगटाचा बाक. दुसरे कारण कंपन. दोन्ही एकाच वेळी असू शकतात, परंतु त्यांचे उपाय वेगळे आहेत.

हातातील संवेदना मज्जातंतूंमधून मेंदूकडे जातात. मनगटापाशी हे मज्जातंतू अरुंद वाटेतून जातात. मनगट सरळ असेल तर ही वाट मोकळी असते. ते वर, खाली किंवा बाजूला वाकले की तेथील दाब वाढतो. त्यातच शरीराचा भार तळव्यावर आला तर मज्जातंतू हाड आणि हँडल यांच्यामध्ये दाबला जातो. पायावर पाय ठेवून बराच वेळ बसल्यास पाय झोपतो, तसाच हा प्रकार आहे.

कंपनाचा परिणाम याहून वेगळा असतो. इंजिनाची थरथर मुठीतून हातात शिरते, त्वचेखालील संवेदनाग्रांना थकवते आणि बोटांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचित करते. थंडीत हा परिणाम वाढतो. डिसेंबर-जानेवारीत सिवनी आणि जबलपूर परिसरात पहाटे बोचरी थंडी असते. अशा वेळी उघड्या हातांनी गाडी चालवणाऱ्याची बोटे लवकर बधिर होतात.

हँडलचा आकार आणि उंची यांचा संबंध प्रामुख्याने पहिल्या कारणाशी आहे. दुसऱ्या कारणासाठी हँडलचे वजन, त्याची पकड आणि इंजिनाची स्थिती पाहावी लागते. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे अनेकांचे पैसे वाया जातात.

कोणते बोट बधिर होते?

निदानाचे पहिले साधन स्वाराच्या हातातच असते. गाडी थांबवल्यावर कोणते बोट बधिर झाले आहे, हे नीट पाहावे.

अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर होत असेल, तर मीडियन या मज्जातंतूवर दाब येत असण्याची शक्यता असते. हा मज्जातंतू मनगटातील कार्पल टनेल या बोगद्यातून जातो. त्याच बोगद्यातून बोटे दुमडणारे नऊ स्नायुबंधही जातात. मनगट बराच वेळ वाकलेले राहिले की तेथे दाटी होते.

करंगळी आणि अनामिकेचा उरलेला अर्धा भाग बधिर होत असेल, तर तो अल्नर या मज्जातंतूचा प्रदेश आहे. हा मज्जातंतू तळव्याच्या करंगळीकडील बाजूने जातो. तेथे हँडलचा भार पडला की तो दाबला जातो. सायकलवर लांबचा प्रवास करणाऱ्यांना हा त्रास नेहमी होतो. हाच मज्जातंतू कोपराच्या आतील बाजूनेही जातो. कोपर टेबलावर आपटल्यावर करंगळीपर्यंत जी झिणझिणी जाते ती याचीच. कोपर बराच वेळ फार दुमडलेले राहिले तरी तो ताणला जातो.

अंगठ्याच्या मागची, हाताच्या पाठीकडील बाजू बधिर होत असेल तर हँडलकडे पाहण्याआधी घड्याळाचा पट्टा आणि हातमोज्याची मनगटावरील पट्टी सैल करून पाहावी. सर्वच बोटे सारखीच बधिर होत असतील आणि हात झिणझिणत असेल, तर संशय कंपनावर घ्यावा. मान दुखत असेल आणि कळ खांद्यापासून खाली येत असेल, तर मूळ मानेच्या मणक्यांत असू शकते. अशा वेळी हँडल बदलून उपयोग होत नाही.

कोणता हात बधिर होतो, हेही महत्त्वाचे आहे. केवळ उजवा हात बधिर होत असेल तर ॲक्सिलरेटर कारणीभूत असण्याची शक्यता अधिक. त्याची केबल कोरडी असेल किंवा स्प्रिंग कडक असेल, तर मूठ सतत आवळून धरावी लागते. केवळ डावा हात बधिर होत असेल तर क्लच जड आहे का ते पाहावे. दोन्ही हात सारखेच बधिर होत असतील तर हँडल, बसण्याची ठेवण किंवा कंपन यांचा विचार करावा.

कंपनाचा हिशेब

भारतातील बहुतेक मोटारसायकलींचे इंजिन एका सिलिंडरचे असते. त्यात पिस्टन वरखाली होत असतो आणि प्रत्येक फेऱ्यात गाडीच्या सांगाड्याला धक्का देतो. इंजिन मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला सुमारे ६७ धक्के बसतात. तासाभरात ही संख्या २ लाख ४० हजार होते. पाच तासांच्या प्रवासात ती १२ लाखांवर जाते.

हे धक्के कमी करण्यासाठी अनेक इंजिनांत बॅलन्सर शाफ्ट बसवलेला असतो. हा फिरणारा दांडा पिस्टनच्या धक्क्याला उलट दिशेने तोलतो. रॉयल एनफील्डच्या ३५० सीसी गाड्यांत ही सोय २०२० साली आलेल्या मीटिअरपासून झाली. त्यापूर्वीच्या ३५० सीसी बुलेट गाड्यांत ती नव्हती आणि त्यातील असंख्य गाड्या आजही रस्त्यावर आहेत.

कंपनाने हात बिघडतात, ही माहिती जुनी आहे. हवेच्या दाबावर चालणारी हत्यारे वापरणाऱ्या खाणकामगारांच्या बोटांचा विकार इटलीत जोव्हान्नी लोरिगा यांनी १९११ साली नोंदवला. अमेरिकेतील इंडियाना राज्यात चुनखडीचा दगड घडवणाऱ्या कामगारांची पाहणी डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी १९१८ साली केली. थंडीत या कामगारांची बोटे पांढरीफटक आणि बधिर होत असत. पुढे जपानमध्ये मोटारसायकलवरून टपाल वाटणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या आणि वाहतूक पोलिसांच्या हातांचीही तपासणी झाली. त्यांच्यातही बोटांच्या बधिरतेच्या तक्रारी आढळल्या.

युरोपीय संघाने २००२ साली कामगारांच्या हातांवरील कंपनासाठी मर्यादा घालून दिली. आठ तासांच्या कामाचा हिशेब धरून कंपनाची सरासरी तीव्रता २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग या पातळीवर गेली की मालकाने उपाय योजावेत आणि ५ ही पातळी ओलांडू देऊ नये, असा तो नियम आहे. हौसेने प्रवास करणाऱ्याला असा नियम लागू होत नाही. परंतु घरोघरी जेवण आणि सामान पोहोचवणारे तरुण दिवसाचे अनेक तास हँडल धरून असतात. त्यांच्यासाठी हा केवळ हौसेचा प्रश्न नाही.

चांगल्या रस्त्याचा अनपेक्षित परिणाम

नागपूर-जबलपूर मार्ग पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ म्हणून ओळखला जात असे. आता त्याचा नागपूर ते लखनादौन हा भाग क्रमांक ४४ मध्ये आणि पुढील भाग क्रमांक ३४ मध्ये मोडतो. रस्ता चौपदरी झाल्याने प्रवासाचा वेळ वाचला. मात्र जुन्या रस्त्यावर खड्डे, वळणे आणि ट्रकच्या रांगा यांमुळे स्वाराला सतत वेग बदलावा लागे, हात हलवावे लागत. आता तासन्‌तास एकाच वेगाने जाता येते. त्यामुळे इंजिनाची थरथर एकसारखी राहते आणि हातही एकाच अवस्थेत राहतात. चांगल्या रस्त्यावर हात अधिक बधिर का होतात, या प्रश्नाचे उत्तर यात आहे.

प्रत्येक हँडलची स्वतःची अशी एक थरथरण्याची गती असते. इंजिनाची गती तिच्याशी जुळली की हँडल झणझणू लागते. त्यामुळे एखादी गाडी ताशी ७० किलोमीटरला शांत असते आणि ८० ला हात झिणझिणवते. अशा वेळी वेग पाच-दहा किलोमीटरने कमी करणे हा पहिला आणि फुकटचा उपाय आहे.

हँडलची मापे कशी पाहावीत?

हँडल निवडताना चार गोष्टी पाहाव्या लागतात: रुंदी, उंची, मागे येणारा बाक आणि नळीची जाडी.

रुंदी स्वाराच्या खांद्यांएवढी किंवा त्याहून थोडी अधिक असावी. बहुतेक गाड्यांची हँडले ७० ते ८० सेंटीमीटरच्या आसपास असतात. फार अरुंद हँडलवर कोपरे आत येतात आणि मनगट बाजूला मुरडते. फार रुंद हँडल धरताना हात ताणले जातात, खांदे दुखतात आणि वळताना बाहेरचा हात पुरत नाही.

उंचीबाबत गैरसमज अधिक आहेत. हँडल खाली असेल, विशेषतः फोर्कलाच जोडलेल्या क्लिप-ऑन प्रकाराचे असेल, तर अंग पुढे झुकते आणि भार तळव्यांवर येतो. त्यामुळे उंच हँडल म्हणजे आराम, असे मानले जाते. पण हँडल फार उंच असेल तर छाती वाऱ्यासमोर उघडी पडते. महामार्गावरील वेगात वारा स्वाराला मागे ढकलतो आणि तो हँडलला लोंबकळू लागतो. मूठ आवळली जाते आणि आवळलेल्या मुठीतून कंपन अधिक शिरते. हात हृदयाच्या पातळीहून वर राहिले तर बोटांपर्यंत रक्त पोहोचण्यासही अडचण होते. हात खांद्यांच्या बऱ्यापैकी खाली, कोपरे किंचित वाकलेली आणि पाठ आपल्या आधाराने ताठ, ही ठेवण बहुतेकांना मानवते.

मागे येणारा बाक समजून घेण्यासाठी घरच्या घरी एक साधी चाचणी करता येते. दोन्ही मुठींत एकेक पेन्सिल धरावी. डोळे मिटून, गाडी चालवत असल्याप्रमाणे हात पुढे करावेत आणि मनगटे सैल सोडावीत. डोळे उघडल्यावर दोन्ही पेन्सिली एका सरळ रेषेत नसल्याचे दिसेल. त्यांची बाहेरची टोके आपल्याकडे वळलेली आणि थोडी खाली झुकलेली असतील. हाताला नैसर्गिक वाटणारा कोन हाच. ज्या हँडलच्या मुठी या कोनाशी जुळतात, ते त्या स्वाराचे हँडल. अगदी सरळ हँडलवर मनगट मुरडते. फार मागे आलेल्या हँडलवर कोपरे दुमडतात आणि अल्नर मज्जातंतू ताणला जातो.

नळीची जाडी बहुतेक गाड्यांत २२ मिलिमीटर असते. काही हँडले मध्यभागी २८.६ मिलिमीटर जाड आणि टोकांना २२ मिलिमीटर असतात. ती अधिक मजबूत असतात, पण त्यांना वेगळे क्लॅम्प लागतात. हँडल ॲल्युमिनियमचे आहे म्हणून कंपन कमी होईल, असे नाही. हलके हँडल काही वेळा अधिक थरथरते. लोखंडी हँडल जड असते आणि ते वजन कंपनाला काहीसे रोखते.

आधी बिनखर्चाचे उपाय

नवे हँडल घेण्यापूर्वी आहे त्याच हँडलवर काही प्रयोग करावेत.

पहिला प्रयोग म्हणजे क्लॅम्पचे बोल्ट सैल करून हँडल थोडे पुढे किंवा मागे फिरवणे. काही अंशांच्या फरकानेही मनगट सरळ होऊ शकते. बदल एका वेळी थोडाच करावा, बोल्ट ठरलेल्या ताणाने घट्ट करावेत आणि पन्नासएक किलोमीटर चालवून पाहावे.

दुसरा प्रयोग लिव्हरचा. गाडीवर बसून बोटे सरळ केली असता ब्रेक आणि क्लचचे लिव्हर हाताच्या रेषेत यावेत. ते वर असतील तर प्रत्येक वेळी मनगट वर उचलावे लागते. खाली असतील तर ते खाली वाकते. अनेक गाड्या दुकानातून येतात तेव्हा लिव्हर सर्वांसाठी एकाच कोनात बसवलेले असतात. उंच आणि ठेंगण्या माणसाला तो कोन सारखाच योग्य ठरत नाही.

तिसरी गोष्ट बसण्याची. सीट पुढे उतरती असेल तर स्वार घसरत टाकीकडे जातो आणि हातांनी स्वतःला मागे ढकलत राहतो. गुडघ्यांनी टाकी हलकेच धरून बसल्यास हातांवरील भार कमी होतो. हात, बसण्याची जागा आणि फूटरेस्ट या तिन्हींत शरीराचा भार वाटला जातो. केवळ एक बिंदू बदलून हा तोल साधेलच असे नाही.

चौथी गोष्ट दुरुस्तीची. इंजिन फाउंडेशनचे सैल बोल्ट, हँडलखालील झिजलेले रबरी बुश, सैल झालेली चेन, चाकाचा बिघडलेला तोल यांमुळे कंपन वाढते. पूर्वी शांत असलेली गाडी अलीकडे हात झिणझिणवू लागली असेल, तर दोष हँडलमध्ये शोधू नये. आधी मिस्त्रीकडे जावे.

पाचवी गोष्ट मुठीची. उजवे मनगट खाली पाडून ॲक्सिलरेटर पिळण्याची सवय अनेकांना असते. नेहमीच्या वेगात मनगट सरळ राहील अशा बेताने मूठ आधीच थोडी पुढून धरावी. पकड पाखरू धरावे तशी असावी, सुटू नये आणि चिरडूही नये.

वजन, ग्रिप आणि हातमोजे

त्रास कंपनाचा असल्याचे ठरले, तर हँडलच्या दोन्ही टोकांना वजन बसवणे हा जुना आणि उपयोगी मार्ग आहे. टोकाला वजन आले की हँडलची थरथरण्याची गती बदलते आणि तिची व्याप्तीही कमी होते. गाडीच्या मूळ वजनांहून थोडी जड वजने बाजारात मिळतात. हँडल आणि क्लॅम्प यांच्यामध्ये रबर बसवण्याची सोय काही गाड्यांत असते. मात्र रबर फार मऊ असेल तर वळताना हँडल लवचिक वाटते आणि नेमकेपणा जातो.

स्पंजची किंवा मऊ रबराची ग्रिप बारीक झिणझिण कमी करते. ती थोडी जाड असेल तर मूठ कमी आवळावी लागते. परंतु हात लहान असेल तर जाड ग्रिप धरताना बोटे थकतात. लिव्हरपर्यंत बोटे सहज पोहोचतात का, हे पाहूनच ती घ्यावी.

हातमोज्यांबाबत अपेक्षा माफक ठेवाव्यात. कंपनरोधक म्हणून विकले जाणारे हातमोजे प्रामुख्याने सेकंदाला १५० हून अधिक कंपनांपासून काही संरक्षण देतात. वर सांगितलेल्या ६७ धक्क्यांना ते फारसे अडवत नाहीत. मात्र थंडीपासून आणि पडल्यावर होणाऱ्या इजेपासून हातमोजे वाचवतात. त्यामुळे ते घालणे आवश्यकच आहे. तळव्यातील शिवण नेमकी मज्जातंतूवर येत नाही ना, एवढे पाहून घ्यावे.

नवे हँडल घेताना

या सर्व उपायांनंतरही मनगट सरळ राहत नसेल, तर हँडल बदलण्याची वेळ आली असे समजावे. हँडल थोडेच वर हवे असेल तर दोन-तीन सेंटीमीटरचे रायझर पुरेसे होतात. बाक किंवा रुंदी बदलायची असेल तर मात्र नवे हँडलच लागते. शक्य असल्यास आपल्या बांध्याच्या माणसाच्या गाडीवर बसून पाहावे. केवळ चित्र पाहून हँडल मागवू नये.

हँडल बसवल्यानंतर काही तपासण्या टाळू नयेत. इंजिन चालू ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण वळवावे. वळवताना इंजिनाचा आवाज वाढला तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जात आहे, असे समजावे. ही स्थिती धोकादायक असते. ब्रेकचा पाइप ताणला जात नाही, तारा कुठे घासत नाहीत आणि मूठ टाकीला लागून बोटे चेमटत नाहीत, हेही पाहावे. स्वस्त आणि निकृष्ट हँडल वळणावर मोडले तर त्याची भरपाई कशानेही होत नाही.

कायद्याची बाजूही लक्षात घ्यावी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरबदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. म्हणून उत्पादकाने त्या गाडीसाठी उपलब्ध केलेले हँडल निवडणे श्रेयस्कर. त्याहून मोठा बदल करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे विचारणा करावी.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

गाडीवरून उतरल्यावर काही मिनिटांत बोटे पूर्ववत होत असतील तर काळजीचे कारण सहसा नसते. परंतु बधिरता तासन्‌तास टिकत असेल, रात्री हाताला मुंग्या येऊन झोपमोड होत असेल, हातातून वस्तू निसटत असतील, शर्टाची बटणे लावणे जड जात असेल किंवा अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल भाग खोलगट दिसू लागला असेल, तर विलंब करू नये. मज्जातंतूंतून संदेश किती वेगाने जातो हे मोजणारी चाचणी उपलब्ध आहे. तिच्यावरून दाब कोठे आहे हे समजण्यास मदत होते.

मधुमेह, थायरॉइडची कमतरता आणि ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव यांमुळेही हात बधिर होतात. गाडी न चालवताही मुंग्या येत असतील किंवा पायांतही बधिरता असेल, तर दोष गाडीला देऊन थांबू नये. थंडीत बोटे पांढरी पडत असतील तर कंपनापासून दूर राहणे आणि धूम्रपान सोडणे हिताचे आहे.

या सगळ्यावर पैसे न लागणारा एक उपाय आहे, तो म्हणजे थांबणे. दर तासाला पाच-दहा मिनिटे गाडी उभी करून हात खाली सोडावेत, मनगटे फिरवावीत, बोटे उघडमीट करावीत. नागपूर ते जबलपूर मार्गावर खवासा, सिवनी, छपारा, लखनादौन, धूमा अशी थांबण्याजोगी गावे एकामागून एक आहेत. असे चार-पाच थांबे घेतले तर जबलपूरला पोहोचण्यास अर्धा-पाऊण तास उशीर होईल. मात्र शहराच्या गर्दीत शिरताना ब्रेक आपल्या बोटांखाली आहे, हे खाली न पाहता कळेल.